पासवर्ड बरोबर आहे, पण कोणाचा? प्रॉक्सीमागून डेस्कटॉप ॲप सुरू करताना

सोमवारी सकाळी हेल्पडेस्कचा फोन वाजला की पलीकडे बहुधा कोणीतरी नवीन रुजू झालेलं असतं. गेल्या महिन्यातला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, पासवर्ड बरोबर आहे, चारदा टाकला. ॲप नुसतं फिरतंय." मी विचारलं, "कुठला पासवर्ड टाकलास?" जरा वेळ शांतता, मग, "म्हणजे? माझाच की."

जाऊन बघितलं तर स्क्रीनवर एक छोटी खिडकी उघडी होती. वर आमच्या प्रॉक्सी सर्व्हरचं, म्हणजे ऑफिसमधून इंटरनेटवर जाणारं सगळं ज्यातून जातं त्या मधल्या संगणकाचं, नाव आणि पोर्ट (त्याच्या दाराचा क्रमांक), खाली युजरनेम आणि पासवर्डचे दोन रकाने. त्यात याने ॲपच्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड भरला होता, चारही वेळा अगदी बिनचूक. फक्त पासवर्ड विचारतंय कोण, हे त्याने वाचलंच नव्हतं.

ऑफिस, कॉलेज किंवा हॉस्टेलच्या नेटवर्कवर पहिल्यांदाच डेस्कटॉप ॲप चालू करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. माझ्यासमोर येणाऱ्या भानगडींपैकी निम्म्याहून जास्त याच एका घोळातून निघतात, म्हणून आधी तोच सोडवू.

दोन दरवाजे

मोठ्या सोसायटीत मित्राकडे गेलात तर गेटवर वॉचमन अडवतो. नाव, फ्लॅट नंबर, रजिस्टरमध्ये सही. तो आत सोडतो, पण त्याने सोडलं म्हणून मित्राच्या घराचं दार आपोआप उघडत नाही. तिथे वेगळी बेल वाजवावी लागते. प्रॉक्सी म्हणजे हा वॉचमन आणि ॲपचा सर्व्हर म्हणजे मित्राचं घर. दोघांना दाखवायची ओळख वेगळी: वॉचमनला ऑफिसचं लॉगिन, घराला ॲपच्या खात्याचं लॉगिन.

तांत्रिक भाषेत दोघांचा नकारही वेगळ्या आकड्याने येतो. प्रॉक्सीने ओळख मागितली तर ४०७, पलीकडच्या सर्व्हरने मागितली तर ४०१. ॲपच्या एरर मेसेजमध्ये किंवा लॉगमध्ये, म्हणजे ॲपच्या नोंदवहीत, यातला कोणता आकडा दिसतो एवढं आधी बघितलंत, तर पुढचा अर्धा तास वाचतो. ४०७ असताना ॲपचा पासवर्ड रिसेट करणं म्हणजे गेटवर अडवलं म्हणून मित्राच्या घराचं कुलूप बदलणं. असं करणारी माणसं मी बघितली आहेत, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षात मी स्वतःही केलं आहे.

आधी एक कागद घ्या

सेटिंग उघडण्याआधी तुमच्या आयटी विभागाकडून माहिती घ्या आणि ती चक्क कागदावर लिहा. प्रॉक्सीचा पत्ता काय, पोर्ट कोणता, प्रकार कोणता, लॉगिन लागतं का, लागत असेल तर युजरनेम कसं लिहायचं. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. काही ठिकाणी नुसतं नाव चालतं, काही ठिकाणी आधी डोमेनचं, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कचं नाव, मग बॅकस्लॅश आणि मग तुमचं नाव असं लिहावं लागतं, तर काही ठिकाणी पूर्ण ईमेल.

पोर्टवरून प्रकाराचा थोडा अंदाज येतो. ३१२८ म्हटलं की बहुधा स्क्विड नावाचा प्रॉक्सी प्रोग्रॅम, कारण त्याचं मूळ पोर्ट तेच. ८०८० हाही एचटीटीपी प्रॉक्सीचा नेहमीचा आकडा आणि १०८० असेल तर सॉक्स, म्हणजे प्रॉक्सीचा दुसरा प्रकार. पण अंदाज तो अंदाजच, विचारून घ्या. इथे मी आकडे मराठीत लिहिते आहे, सेटिंगमध्ये मात्र इंग्रजी आकडेच टाका. हसू नका. मराठी कीबोर्ड चालू राहिला होता आणि पोर्टचा रकाना काही केल्या आकडा घेईना, यासाठी मला दुसऱ्या मजल्यावरून बोलावलं गेलं आहे.

पत्त्याऐवजी तुम्हाला एखाद्या फाइलची लिंक मिळाली आणि तिच्या शेवटी 'डॉट पॅक' असेल, तर ती ऑटोमॅटिक स्क्रिप्ट. कुठली साइट प्रॉक्सीतून न्यायची आणि कुठली थेट, हे ती फाइलच ठरवते. ती मिळाली तर हाताने पत्ता भरायच्या फंदात पडू नका. लॅपटॉप घरी नेणाऱ्यांना तर तीच सोयीची.

हॉस्टेलवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. वायफायला जोडल्यावर ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडत असेल, तर तो बऱ्याचदा प्रॉक्सी नसतोच. त्याला कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात. तिथे ॲपमध्ये काही भरायचं नसतं. त्या पानावर लॉगिन करा, ॲप चालू लागतं आणि मुदत संपली की पुन्हा लॉगिन करा.

ब्राउझरमधून तपासणी

कुठलंही ॲप उघडण्याआधी ब्राउझरमध्ये त्याच कंपनीची वेबसाइट उघडून बघा. विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात प्रॉक्सी. खाली मॅन्युअल प्रॉक्सी सेटअप. पत्ता, पोर्ट भरा आणि सेव्ह दाबा. सेव्ह न दाबता खिडकी बंद करणं हा इथला नेहमीचा गुन्हा.

याच पानावर अपवादांचा रकाना आहे, म्हणजे कोणते पत्ते प्रॉक्सीकडे न्यायचे नाहीत. तिथे 'लोकलहोस्ट' आणि १२७.०.०.१ हे दोन्ही अर्धविराम देऊन लिहून ठेवा. का, ते पुढे सांगते, पण आत्ताच लिहा.

विंडोजच्या या पानावर युजरनेम आणि पासवर्डला जागाच नाही, हे नव्या माणसाला गोंधळात टाकतं. विंडोजचा हिशेब असा की प्रॉक्सी विचारेल तेव्हा विचारेल. ब्राउझर मग खिडकी उघडून विचारतोही. मॅकवर नेटवर्कमध्ये वायफायच्या डिटेल्सखाली प्रॉक्सीजचा भाग असतो, तिथे पासवर्ड भरायची सोय आहे.

ब्राउझरमध्ये साइट उघडली म्हणजे पत्ता, पोर्ट आणि तुमचं प्रॉक्सीचं लॉगिन या तिन्ही गोष्टी बरोबर आहेत. आता ॲप अडकलं तर दोष ॲपच्या सेटिंगमध्ये शोधायचा. एक अपवाद लक्षात ठेवा: पासवर्ड लागणारा सॉक्स ५ प्रॉक्सी क्रोममध्ये तपासू नका. क्रोमला सॉक्सला पासवर्ड देता येत नाही, त्यामुळे चांगला प्रॉक्सीही बिघडलेला वाटेल.

ॲप कोणाचं ऐकतं?

डेस्कटॉप ॲपच्या ढोबळ तीन जाती आहेत, आणि आपलं ॲप कुठल्या जातीचं हे कळलं की काम निम्मं होतं.

पहिली जात स्वतःचं सेटिंग स्वतः ठेवणारी. टेलिग्राम डेस्कटॉप हे यातलं चांगलं उदाहरण, कारण लॉगिन करायच्या आधीच सुरुवातीच्या पानावरून सेटिंग्ज उघडता येतात. लॉगिन झाल्याशिवाय सेटिंग नाही आणि सेटिंग केल्याशिवाय लॉगिन नाही, असा पेच काही ॲप टाकतात. इथे तो नाही. ॲडव्हान्स्डमध्ये कनेक्शन टाइप, तिथे स्वतःचा प्रॉक्सी जोडा. सॉक्स ५, एचटीटीपी आणि टेलिग्रामचा स्वतःचा एमटीप्रोटो असे तीन पर्याय दिसतात. ऑफिसचा प्रॉक्सी असेल तर पहिल्या दोनपैकी तुमच्या कागदावर असेल तो. सेव्ह केलं की त्या ओळीखाली प्रॉक्सी उपलब्ध आहे का आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दिसतं. हा आकडा दिसेपर्यंत फोन नंबर टाकायची किंवा क्यूआर कोड स्कॅन करायची घाई करू नका. ड्रॉपबॉक्समध्येही प्रेफरन्सेसच्या नेटवर्क भागात प्रॉक्सीचं सेटिंग आहे, आणि 'सर्व्हरला पासवर्ड लागतो' अशी खूण केल्यावरच युजरनेमचे रकाने जागे होतात.

दुसरी जात सिस्टीमचं ऐकणारी. प्रोग्रॅम लिहायचं ॲप व्हीएस कोड घ्या. तो आतून क्रोमच्याच घराण्यातला, त्यामुळे विंडोजमध्ये भरलेला प्रॉक्सी आपणहून उचलतो आणि गरज पडली तर पासवर्डची खिडकीही उघडतो. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'प्रॉक्सी' असं शोधलं तर हाताने पत्ता देण्याची जागाही सापडते, पण गरज नसेल तर ती रिकामीच ठेवा. दोन ठिकाणी दोन पत्ते भरून ठेवणारा माणूस सहा महिन्यांनी स्वतःलाच शिव्या घालतो.

तिसरी जात सगळ्यात हट्टी. ती ना स्वतःचं पान दाखवते ना विंडोजचं ऐकते, ती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचते, म्हणजे सिस्टीममध्ये नाव देऊन लिहून ठेवलेल्या नोंदी. प्रोग्रॅमिंगची बरीच साधनं या पंथातली. विंडोजमध्ये स्टार्टला 'एन्व्हायर्नमेंट' टाइप केलं की आपल्या खात्याचे व्हेरिएबल बदलायचं पान मिळतं. तिथे 'एचटीटीपी प्रॉक्सी', 'एचटीटीपीएस प्रॉक्सी' आणि 'नो प्रॉक्सी' ही तीन नावं लिहा, इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता अंडरस्कोअर देऊन. लिनक्सवर अक्षरं लहान की मोठी याने फरक पडतो: कर्ल हे साधन पहिलं नाव फक्त लहान अक्षरातलंच मानतं. म्हणून तिथे दोन्ही प्रकारे लिहून ठेवतात.

इथे एक चकवा आहे. 'एचटीटीपीएस प्रॉक्सी' या व्हेरिएबलमध्ये भरायचा पत्ता बहुतेक वेळा एचटीटीपीनेच सुरू होतो, शेवटच्या एसशिवाय. व्हेरिएबलच्या नावातला एस सांगतो की पलीकडची साइट सुरक्षित आहे. पत्त्याची सुरुवात सांगते ती प्रॉक्सीशी कसं बोलायचं ते. साधा प्रॉक्सी असताना पत्त्यातही एस टाकलात, तर ॲप प्रॉक्सीशी सांकेतिक भाषेत बोलायला जातं, प्रॉक्सीला ती कळत नाही आणि एरर असा विचित्र येतो की त्यावरून काही बोध होत नाही.

पासवर्डमधलं ॲटचं चिन्ह

या तिसऱ्या जातीत युजरनेम आणि पासवर्ड पत्त्यातच गुंफावे लागतात: आधी युजरनेम, मग कोलन, मग पासवर्ड, मग @ आणि त्यापुढे प्रॉक्सीचं नाव. आता तुमच्या पासवर्डमध्येच @ असेल तर? ऑफिसच्या नियमाप्रमाणे एक तरी विशेष चिन्ह हवं, आणि आपण सगळे नेमकं @ किंवा # निवडतो. काही ॲप पहिल्याच @ला थबकतात आणि पासवर्डची उरलेली शेपूट सर्व्हरचं नाव समजतात. मग मेसेज येतो की असा सर्व्हर सापडत नाही. बिचारा माणूस नेटवर्कची केबल काढून-घालून बघतो. # असेल तर त्यापुढचं सगळंच कापलं जातं.

उपाय सोपा आहे. ते चिन्ह तसंच न लिहिता त्याचं सांकेतिक रूप लिहायचं. @ ऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि लगेच ४०. # ऐवजी टक्का आणि २३. पासवर्डमध्ये खुद्द टक्काच असेल तर टक्का आणि २५. मधे जागा सोडायची नाही. मी नव्या लोकांना खासगीत सांगते की विशेष चिन्ह हवंच असेल तर अंडरस्कोअर किंवा डॅश घ्या, कोणाला त्रास देत नाहीत.

असा पासवर्ड व्हेरिएबलमध्ये उघडाच दिसतो, हेही ध्यानात असू द्या. तुमच्या खात्याखाली चालणारा कुठलाही प्रोग्रॅम तो वाचू शकतो. आणि साध्या 'बेसिक' पद्धतीत प्रॉक्सीकडे जाणारा पासवर्ड फक्त बेस ६४ या कोणालाही उलटवता येणाऱ्या लिपीत बदललेला असतो. ते कुलूप नव्हे, नुसता बुरखा आहे. म्हणून इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या अनोळखी प्रॉक्सीच्या नादी लागू नका.

ब्राउझर म्हणतो झालं, ॲप म्हणतं थांबा

आता मुख्य प्रसंग. तुम्ही ॲपमध्ये साइन इन दाबता. ॲप स्वतः पासवर्ड विचारत नाही, ब्राउझर उघडतो. तिथे तुम्ही लॉगिन करता, 'या ॲपला परवानगी द्या' म्हणता आणि पान सांगतं, झालं, आता ही खिडकी बंद करा. तुम्ही ॲपकडे परतता, तर ते तसंच फिरतंय. मघाच्या त्या मुलाला वॉचमनचा पासवर्ड वॉचमनला दिल्यावर पुढचा अडथळा नेमका हाच आला.

पडद्यामागे दोन वेगळे प्रवास होतात. ब्राउझर आपल्या रस्त्याने, आपल्या प्रॉक्सी सेटिंगने सर्व्हरकडे गेला आणि एक छोटा कोड घेऊन आला. तो कोड त्याने ॲपच्या हातात दिला. खरी किल्ली, म्हणजे टोकन, त्या कोडच्या बदल्यात मिळते. ती आणायला ॲपला स्वतः सर्व्हरकडे जावं लागतं, आणि ते जातं स्वतःच्या प्रॉक्सी सेटिंगने. ब्राउझरचं सेटिंग बरोबर आणि ॲपचं चुकीचं असेल तर हेच दिसणार: तिकडे पेढे, इकडे उपास. कोड थोड्याच वेळात शिळा होतो. ओऑथ, म्हणजे अशा परवानगीच्या साइन इनची पद्धत, तिच्या नियमांत कोडचं आयुष्य जास्तीत जास्त १० मिनिटं ठेवा असं म्हटलं आहे. त्यामुळे ॲपचं सेटिंग दुरुस्त केल्यावर जुनं पान रिफ्रेश करत बसू नका. साइन इन पुन्हा पहिल्यापासून करा.

याची दुसरी बाजू म्हणजे ब्राउझरकडून ॲपकडे कोड पोचण्याचा रस्ता. बरीच ॲप्स तेवढ्यापुरता तुमच्याच संगणकावर एक छोटा सर्व्हर उघडून बसतात आणि ब्राउझरला सांगतात, कोड १२७.०.०.१ वर आणून दे. हा पत्ता म्हणजे 'हाच संगणक'. पण तो पत्ताही ब्राउझरने प्रॉक्सीकडे नेला, तर प्रॉक्सीच्या दृष्टीने 'हाच संगणक' म्हणजे प्रॉक्सी स्वतः! तो स्वतःच्या घरात शोधतो, तिथे कोणी नसतं, आणि तुम्हाला प्रॉक्सीच्या नावाचं नकाराचं पान दिसतं. मघाशी अपवादांत ते दोन पत्ते लिहायला सांगितले ते यासाठी. तिसऱ्या जातीच्या ॲपसाठी तेच 'नो प्रॉक्सी'मध्येही लिहा, तिथे मात्र मधे स्वल्पविराम.

त्या मुलाच्या बाबतीत अपवाद बरोबर होते, ॲपचा स्वतःचा प्रॉक्सीचा रकाना मात्र रिकामा होता. तो भरला, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडलं आणि साइन इन झालं. पूर्ण बंद म्हणजे खिडकीची फुली नव्हे. घड्याळाशेजारच्या चिन्हावर राइट क्लिक करून क्विट.

तरीही नकार आला तर

पुन्हा ४०७ येत असेल आणि ब्राउझर व्यवस्थित चालत असेल, तर तुमचा प्रॉक्सी एनटीएलएम किंवा कर्बेरॉस पद्धतीने, म्हणजे ऑफिसच्या विंडोज लॉगिनवरून, ओळख मागत असण्याची शक्यता मोठी. ऑफिसच्या डोमेनमधल्या विंडोजवर ब्राउझर ही ओळख न विचारता देतो, पण प्रत्येक ॲपला ते जमत नाही. कर्बेरॉस असेल तर दोन गोष्टी तपासा. प्रॉक्सीचा पत्ता आयपीच्या आकड्यात न देता पूर्ण नावाने द्या. आणि संगणकाचं घड्याळ बघा: नेहमीच्या सेटिंगमध्ये ५ मिनिटांहून जास्त फरक कर्बेरॉस खपवून घेत नाही. एनटीएलएम न कळणाऱ्या ॲपसाठी सीएनटीएलएम नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. तो तुमच्याच संगणकावर बसतो, ॲपशी साधं बोलतो आणि पुढे प्रॉक्सीशी त्याच्या भाषेत. आयटीला विचारल्याशिवाय मात्र बसवू नका.

४०३ म्हणजे ओळख पटली पण परवानगी नाही. ती साइट बंद ठेवलेली आहे. इथे सेटिंगशी खेळण्यात अर्थ नाही, हेल्पडेस्ककडे तिकीट टाका, म्हणजे लेखी तक्रार. तिकिटात 'ॲप चालत नाही' एवढंच लिहू नका. ॲप कुठल्या पत्त्यावर जायला बघतंय तो पत्ता, वेळ आणि एररचा फोटो जोडा. मी तिकिटं वाचणारी आहे, फोटो असलेलं आधी उघडते.

सर्टिफिकेटची, म्हणजे साइटच्या ओळखपत्राची तक्रार आली तर ती वेगळी गोष्ट. साधारणपणे सुरक्षित साइटसाठी प्रॉक्सी फक्त जोडणी करून देतो, वॉचमन पार्सल उघडत नाही. पण काही ऑफिसांत तो उघडतो, तपासतो आणि स्वतःचा शिक्का मारून पुन्हा बांधतो. तो शिक्का ओळखीचा वाटावा म्हणून ऑफिसचं रूट सर्टिफिकेट संगणकात बसवलेलं असतं. ब्राउझर त्यावर विश्वास ठेवतो. जावा किंवा पायथनमधली बरीच साधनं स्वतःची वेगळी यादी बाळगतात, त्यांना तो शिक्का परका वाटतो. आयटीकडून सर्टिफिकेटची फाइल घ्या आणि त्या ॲपच्या यादीत घाला. 'सर्टिफिकेट तपासू नका' असा पर्याय सापडेल, मोहही होईल. तो चालू केलात तर मधे बसून कोणीही तुमचं टोकन उचलू शकतो. काही ॲप तर ऑफिसचा शिक्का काहीही केलं तरी मानतच नाहीत. तिथे त्या पत्त्याला तपासणीतून वगळायला आयटीलाच सांगावं लागतं.

पासवर्ड बदलायच्या दिवशी

आमच्या ऑफिसात पासवर्ड ठरावीक मुदतीने बदलावा लागतो. एका शुक्रवारी संध्याकाळी निघता निघता मी तो बदलला आणि लॅपटॉप चालूच ठेवून घरी गेले. तीन ॲपमध्ये जुना पासवर्ड जपून ठेवलेला होता. ती तिन्ही ॲप्स शनिवार-रविवार प्रॉक्सीचं दार ठोठावत राहिली, जुन्याच पासवर्डने. सोमवारी माझंच खातं कुलूपबंद, आणि हेल्पडेस्कवर तक्रार नोंदवायला मला शेजारच्याचा लॉगिन उघडून बसावं लागलं.

तेव्हापासून मी क्रम पाळते. आधी सगळी ॲप क्विट करायची, मग पासवर्ड बदलायचा. मग कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन प्रॉक्सीच्या नावाच्या जुन्या नोंदी काढायच्या. त्यानंतर ज्या ॲपमध्ये आणि ज्या व्हेरिएबलमध्ये पासवर्ड हाताने लिहिला होता तिथे नवा लिहायचा. कुठे कुठे लिहिला होता ते आठवत नाही, म्हणून सुरुवातीच्या त्या कागदाच्या मागे ॲपची नावं लिहून ठेवली आहेत. पासवर्ड नाही, फक्त नावं. ॲपच्या खात्याला यात हात लावावा लागत नाही. तिथलं टोकन तसंच चालू राहतं, कारण बदललाय तो फक्त वॉचमनचा पासवर्ड.

नोकरी सोडताना मात्र उलटं. प्रॉक्सीचं लॉगिन ऑफिस बंद करेल, पण ॲपच्या खात्यात तो लॅपटॉप 'परवानगी दिलेली उपकरणं' या यादीत तसाच राहतो. लॅपटॉप परत करायच्या आधी आपल्या खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन तो तिथून काढून टाका.